उत्तर शानमधील युद्धाचे एक वर्ष: रस्ता, नाका आणि सीमेपलीकडची मर्जी

२७ ऑक्टोबर २०२३ च्या पहाटे म्यानमारच्या उत्तर शान भागात तीन सशस्त्र संघटनांनी लष्कराच्या अनेक ठाण्यांवर एकाच वेळी हल्ले चढवले. महिना आणि दिवस जोडून या मोहिमेला ‘ऑपरेशन १०२७’ असे नाव दिले गेले. पुढच्या साधारण दहा महिन्यांत चीनच्या सीमेलगतची बरीच गावे, व्यापाराचे बहुतेक नाके आणि शेवटी लाशियो हे मोठे शहर लष्कराच्या हातून गेले. लाशियोबरोबर ईशान्य विभागाचे लष्करी मुख्यालयही गेले आणि १९४८ मध्ये देश स्वतंत्र झाल्यापासून असे विभागीय मुख्यालय विरोधकांच्या हाती पडण्याची ती पहिलीच वेळ होती. मग एप्रिल २०२५ मध्ये हेच शहर जिंकणाऱ्यांनी, जमिनीवरून त्यांच्यावर कोणतेही नवे आक्रमण झालेले नसताना, लष्कराच्या स्वाधीन केले. रक्त सांडून मिळवलेले शहर लढाई न होता परत का द्यावे लागले, या प्रश्नाचे उत्तर शोधत गेले की या साऱ्या युद्धाची रचना आपोआप उलगडते.

सुरुवात नकाशापासून करावी लागते. लोकमान्य टिळकांमुळे मराठी माणसाला मंडाले हे नाव परिचित आहे. त्या मंडालेहून ईशान्येकडे निघालेला रस्ता सपाट प्रदेश सोडून शानच्या पठारावर चढतो आणि प्रथम प्यिन ऊ ल्विन या थंड हवेच्या ठिकाणी पोहोचतो, जेथे लष्कराची अधिकारी घडवणारी प्रबोधिनी आहे. पुढे नाँगचो आणि मग गोकटेकची खोल दरी ओलांडून चाउकमे, सिपॉ आणि लाशियो अशी गावे लागतात. यांतील सिपॉचे बर्मी नाव थिबॉ असे आहे आणि ब्रिटिशांनी रत्नागिरीत स्थानबद्ध ठेवलेला थिबा राजा याच गावाच्या नावाने ओळखला जात असे. लाशियोच्या पुढे सेनवी येथे रस्ता फुटतो. एक फाटा कुटकाईवरून मूसे या सीमेवरच्या शहरात जातो, ज्याच्या समोर चीनचे रुईली आहे. दुसरा पूर्वेकडे वळून कुनलाँग येथे साल्विन नदीचा पूल ओलांडतो आणि कोकांग प्रदेशातील चिनश्वेहॉ नाक्यावर संपतो. दुसऱ्या महायुद्धाच्या काळात चीनला रसद पुरवण्यासाठी वापरलेला प्रसिद्ध ‘बर्मा रोड’ लाशियोहूनच कुनमिंगकडे जात होता, कारण मंडालेकडून येणारी रेल्वे लाशियोला संपते. या डोंगरांत दुसरा मोठा रस्ता जवळजवळ नाहीच. त्यामुळे या एका रस्त्यावरची गावे ज्याच्याकडे, त्याच्याकडे सगळा मुलूख, असा येथील हिशेब आहे.

‘वादग्रस्त सीमाभाग’ म्हटले की आपल्या डोळ्यांसमोर दोन देशांत ठरलेली नसलेली रेषा येते. येथे तसे नाही. चीन आणि बर्मा यांनी १ ऑक्टोबर १९६० रोजी सीमाकरार करून आपला वाद मिटवला. त्यात बर्माने हपिमॉसह तीन गावांचा भाग चीनला दिला, नामखामजवळचा नामवान हा ब्रिटिशांनी कायम भाडेपट्ट्याने घेतलेला पट्टा बर्माला मिळाला आणि उत्तरेच्या टोकाला, ज्या मॅकमहोन रेषेवरून भारत आणि चीन यांचे आजही बिनसलेले आहे, त्याच रेषेला बहुतांशी अनुसरून सीमा आखली गेली. म्हणजे रेषा कोठे आहे याबद्दल भांडण नाही. रेषेच्या अलीकडे राज्य कोणाचे, याबद्दल आहे, आणि ते भांडण देशाइतकेच जुने आहे.

स्वातंत्र्यापूर्वी, १२ फेब्रुवारी १९४७ रोजी पांगलाँग येथे स्वातंत्र्यलढ्याचे नेते आंग सान यांनी शान, काचिन आणि चिन नेत्यांशी करार केला, त्यात डोंगरी प्रदेशांना अंतर्गत कारभारात पूर्ण स्वायत्तता देण्याचे तत्त्व मान्य करण्यात आले. त्याच वर्षीच्या राज्यघटनेत शान राज्याला दहा वर्षांनंतर संघराज्यातून बाहेर पडण्याचा हक्कही होता. तो हक्क कागदावरच राहिला. १९५९ मध्ये शान सरंजामदारांनी आपले वंशपरंपरागत अधिकार सोडले आणि १९६२ मध्ये जनरल ने विन यांनी सत्ता बळकावल्यावर संघराज्याची कल्पनाच मोडीत निघाली. दरम्यान चीनमधील यादवीत हरलेले कुओमिंतांगचे सैनिक १९५० च्या सुमारास शानमध्ये घुसून बसले होते आणि १९६८ पासून चीनच्या पाठबळावर बर्माचा कम्युनिस्ट पक्ष याच सीमेवरून लढू लागला. अफूच्या पैशावर चालणाऱ्या खासगी फौजा, सरकारने पोसलेल्या स्थानिक टोळ्या आणि विचारसरणीच्या नावाने लढणारे गट यांच्यात फरक करणे पुढे इतके अवघड झाले की अनेक गटांनी दोन-तीन वेळा बाजू बदलली आणि त्याचे कोणाला फारसे आश्चर्यही वाटले नाही.

१९८९ मध्ये कम्युनिस्ट पक्षाच्या फौजेत बंड झाले आणि तिचे वांशिक तुकडे पडले. त्या बंडाची सुरुवात कोकांगमधून, फंग ज्याशंग यांनी केली. कोकांगचे बहुसंख्य रहिवासी हान चिनी वंशाचे आहेत, त्यांची भाषा चिनी आहे आणि त्यांच्या बाजारात चीनचे युआन चालते. हा प्रदेश बर्माच्या बाजूला आला तोच मुळी १८९७ च्या ब्रिटिश-चिनी करारामुळे. फंग यांच्या संघटनेने, म्हणजे म्यानमार नॅशनल डेमोक्रॅटिक अलायन्स आर्मीने, लष्कराशी युद्धबंदी केली आणि वीस वर्षे तेथे राज्य केले. या लेखात तिला कोकांग सेना म्हणू. २००९ मध्ये लष्कराने या गटांना आपल्या हाताखालचे सीमारक्षक दल बनण्याचा हुकूम दिला. फंग यांनी नकार दिला तेव्हा लष्कराने काही दिवसांत लाउक्काई हे त्यांचे मुख्य ठाणे काबीज केले आणि तीस हजारांहून अधिक लोक चीनमध्ये पळाले. त्या कारवाईची सूत्रे ज्या अधिकाऱ्याकडे होती, तेच मिन आंग ह्लाइंग पुढे सरसेनापती झाले आणि १ फेब्रुवारी २०२१ रोजी त्यांनीच निवडून आलेले सरकार उलथवले. कोकांग सेनेच्या दृष्टीने ऑक्टोबर २०२३ चा हल्ला हा प्रथम या जुन्या हिशेबाचा भाग होता आणि लोकशाहीची लढाई वगैरे त्यानंतर. २०१५ मध्ये तिने परत येण्याचा एक प्रयत्न केला होता, तो फसला होता.

तिच्या दोन साथीदारांचे हेतू वेगळे होते. चहा पिकवणाऱ्या ताआंग, म्हणजेच पलाऊंग, समाजाच्या जुन्या संघटनेने १९९१ मध्ये युद्धबंदी केली आणि २००५ मध्ये शस्त्रे खाली ठेवली. पुढे नव्याने उभ्या राहिलेल्या ताआंग नॅशनल लिबरेशन आर्मीला आपल्या समाजाचा सलग प्रदेश हवा होता. तिसरी आराकान आर्मी ही मूळची बंगालच्या उपसागराकाठच्या रखाइन प्रांताची, परंतु तिची जडणघडण उत्तरेच्या डोंगरांत काचिन संघटनेच्या आश्रयाने झाली. शानमधील मदतीचे ऋण तिला आपल्या प्रांतात दुसरी आघाडी उघडून वसूल करायचे होते आणि १३ नोव्हेंबर २०२३ रोजी तिने ती उघडलीही.

आता चीनकडे वळले पाहिजे, कारण सगळी गुंतागुंत तेथे आहे. २००९ नंतर लष्कराने कोकांग ज्या स्थानिक कुटुंबांच्या हाती दिले, त्यांच्या आश्रयाने लाउक्काईत जुगाराचे अड्डे आणि नंतर ऑनलाइन फसवणुकीची प्रचंड केंद्रे उभी राहिली. तेथे हजारो लोकांना कोंडून ठेवून, मारहाण करून त्यांच्याकडून फोनवरून लोकांना गंडवण्याचे काम करून घेतले जाई. फसवले जाणारे आणि कोंडले जाणारे यांच्यातील बरेच जण चिनी नागरिक होते. बीजिंगने लष्करी राजवटीकडे पुन्हा पुन्हा कारवाईची मागणी केली, पण राजवटीला त्या कुटुंबांची गरज होती आणि ती टाळाटाळ करत राहिली. ऑपरेशन १०२७ च्या जाहीरनाम्यात फसवणूक केंद्रांचा नायनाट हे एक उद्दिष्ट म्हणून ठळकपणे लिहिलेले होते, ते चीनच्या कानावर जावे म्हणूनच. चीनने हल्ल्याला परवानगी दिली असे म्हणण्यापेक्षा त्याने या वेळी अडवले नाही, असे म्हणणे अधिक अचूक ठरेल. डिसेंबर २०२३ मध्ये चिनी पोलिसांनी कोकांगच्या दहा बड्या आसामींविरुद्ध पकड वॉरंट काढले, त्यांत २००९ नंतर तेथील प्रमुख झालेले बाई स्वोछंगही होते, आणि ३० जानेवारी २०२४ रोजी म्यानमारने बाई यांच्यासह अनेकांना विमानाने चीनच्या ताब्यात दिले.

पहिल्या तीन महिन्यांतील लढाई कशी झाली, हे थोडे सविस्तर पाहण्यासारखे आहे. डोंगराळ मुलखावर ताबा ठेवण्याची लष्कराची पद्धत जुनी होती: प्रत्येक टेकडीवर एक छोटे ठाणे, त्यात काही डझन सैनिक, रसद हेलिकॉप्टरने किंवा त्या एकाच रस्त्याने आणि अडचण आली तर मागून तोफा व वरून विमाने. ही रचना एका वेळी एक ठाणे अडचणीत आले तर उत्तम चालते. एकाच दिवशी अनेक ठिकाणी हल्ले झाले, पूल उडवले गेले आणि रस्त्यावर खंदक खणले गेले, तेव्हा कोणाच्या मदतीला जावे हेच लष्कराला ठरवता येईना. त्यात भर पडली ड्रोनची. बाजारात मिळणारे साधे ड्रोन घेऊन त्यांवरून टाकलेले घरगुती बनावटीचे बॉम्ब खंदकात बसलेल्या सैनिकांवर नेमके पडू लागले आणि उंचावर असण्याचा जो फायदा ठाण्यांना होता, तो जवळपास संपला. चिनश्वेहॉ पहिल्याच दिवशी पडले. कुनलाँगचा भाग गेल्यावर कोकांगकडे जाणारी वाट बंद झाली आणि लाउक्काईतील फौज वेढली गेली. ८ नोव्हेंबरला राजवटीचे नामधारी राष्ट्राध्यक्ष म्यिंट स्वे यांनीच इशारा दिला, की सीमेवरची परिस्थिती आटोक्यात आली नाही तर देशाचे तुकडे होतील.

लाउक्काईचा शेवट मात्र मोठ्या लढाईने झाला नाही. जानेवारी २०२४ च्या पहिल्या आठवड्यात वाटाघाटी होऊन तेथील २,३८९ सैनिकांनी सहा ब्रिगेडियर जनरलांसह शरणागती पत्करली आणि त्यांना कुटुंबांसकट शहराबाहेर जाऊ देण्यात आले. इतक्या मोठ्या संख्येने, इतक्या वरच्या हुद्द्याचे अधिकारी शरण गेल्याचे उदाहरण या लष्कराच्या इतिहासात नव्हते. त्यांतील तिघांना पुढे लष्करी न्यायालयाने देहदंड सुनावल्याच्या बातम्या फेब्रुवारीत आल्या. राजवटीच्या समर्थकांनाही हा धक्का पचला नाही. जानेवारीत प्यिन ऊ ल्विनमध्ये, लष्करी प्रबोधिनीच्याच गावात, एका राष्ट्रवादी भिक्षूने भर सभेत मिन आंग ह्लाइंग यांनी पायउतार व्हावे असे सांगितले.

त्यानंतर लगेच, १० आणि ११ जानेवारीला, कुनमिंग येथे चीनच्या मध्यस्थीने युद्धबंदी झाली. हैगंग करार म्हणून ती ओळखली जाते. या कराराची मर्यादा समजून घ्यावी लागेल: तो केवळ उत्तर शानपुरता होता, रखाइनमध्ये आराकान आर्मीची लढाई चालूच राहिली आणि कोणाच्या ताब्यात काय राहील याचा कायमचा निकाल त्यात नव्हता. चीनला हवा होता तो सीमेवरचा शांतपणा आणि व्यापार. नोव्हेंबरमध्ये मूसेजवळ नाक्याच्या आवारात उभे असलेले शंभरावर मालट्रक जळाले होते आणि रखाइनच्या किनाऱ्यापासून चीनच्या युनान प्रांतापर्यंत जाणाऱ्या वायू आणि तेलाच्या वाहिन्या याच डोंगरांतून जातात. मूसे शहर स्वतः लष्कराकडेच राहिले. चारही बाजूंचा मुलूख गमावलेल्या लष्कराला तेथून हुसकावणे अशक्य होते असे मला वाटत नाही. परंतु रुईलीच्या दारात तोफा डागणे चीनने सहन केले नसते, हे हल्लेखोरांना ठाऊक होते.

पाच महिन्यांची ही उसंत दोन्ही बाजूंनी तयारीसाठी वापरली. १० फेब्रुवारी २०२४ रोजी राजवटीने २०१० पासून कागदावर असलेला सक्तीच्या लष्करभरतीचा कायदा लागू केला. त्यात १८ ते ३५ वयाचे पुरुष आणि १८ ते २७ वयाच्या स्त्रिया येतात. मंडाले-यांगूनमधील तरुणांच्या रांगा पारपत्र कार्यालयांबाहेर लागल्या, ज्यांना जमले त्यांनी थायलंड गाठले. शानमधील पराभवाची किंमत शानपासून शेकडो किलोमीटर दूरच्या घरांतून अशी वसूल होऊ लागली.

२५ जूनला ताआंग सेनेने पुन्हा लढाई सुरू केली आणि या वेळी ती रस्त्याच्या दुसऱ्या टोकाकडून आली. नाँगचो आणि चाउकमे येथे तिच्याबरोबर मंडालेकडील लोकशाहीवादी तरुणांची पथके होती. २०२१ च्या सत्तांतरानंतर शहर सोडून डोंगरात गेलेल्या या मुलांना ताआंग सेनेनेच प्रशिक्षण दिले होते. मंडालेहून येणारी मदत तुटली, माणकांच्या खाणींसाठी प्रसिद्ध असलेले मोगोक जुलैत गेले आणि कोकांग सेनेने लाशियोला वेढा घातला. ३ ऑगस्टला ईशान्य विभागाचे मुख्यालय पडले. सुमारे दीड लाख वस्तीचे हे शहर महिनाभराच्या लढाईने बरेचसे रिकामे झाले होते. ऑक्टोबरात ताआंग सेनेने सिपॉही पूर्ण ताब्यात घेतले, तेव्हा युद्धाला वर्ष होत आले होते.

वरच्या वर्णनावरून एका बाजूला लष्कर आणि दुसऱ्या बाजूला बंडखोर असे चित्र उभे राहत असेल, तर ते थोडे दुरुस्त करायला हवे. उत्तर शानमध्ये शान लोकांच्याच दोन मोठ्या फौजा आहेत, ज्या वर्षानुवर्षे एकमेकींशी लढल्या आणि ज्यांनी नोव्हेंबर २०२३ अखेर आपसांत लढाई थांबवल्याचे जाहीर केले. कुटकाईत काचिनांची वस्ती मोठी आहे, ते जिंकले ताआंग सेनेने आणि शेजारी ठाण मांडले कोकांग सेनेने. तिघांचे झेंडे आणि तिघांचे कर यांवरून तेथे खटके उडत राहिले. लाशियोतील शान रहिवाशांना चिनीभाषक कोकांग सेनेचा अंमल आपला वाटण्याचे कारण नव्हते. या सगळ्यांहून बलाढ्य असलेली, वा या डोंगरी समाजाची वा सेना युद्धात उतरलीच नाही, तरी जानेवारीत होपांग हे गाव तिच्या पदरात पडले आणि जुलैत तिने तांगयानमध्ये आपले सैनिक नेऊन बसवले. पडक्या वाड्याचे वाटे होताना भाऊबंद जसे आपापला कोपरा आधी धरून बसतात, तसे हे चालले होते. युद्धाचा नकाशा रोज रंगवणाऱ्या बातम्यांत ही बाजू क्वचितच दिसते.

सामान्य माणसांचे काय झाले, याचे उत्तर बरेचसे विमानांशी जोडलेले आहे. लष्कर जमिनीवरून हटले की त्याच गावावर आकाशातून बॉम्ब टाकले जात. त्यामुळे गाव ‘मुक्त’ झाल्यानंतरचे आठवडे हे लढाईच्या आठवड्यांइतकेच धोकादायक असत, आणि लोक परत येत, पुन्हा निघत. शिवाय जिंकणाऱ्या संघटनाही सक्तीने माणसे भरती करत. ताआंग चहाचे मळे, लाशियोचा बाजार, मूसेचे ट्रकचालक, सगळ्यांचे उत्पन्न त्या एकाच रस्त्यावर अवलंबून होते आणि तो रस्ता बंद होता. २०२४ संपताना देशभरात घर सोडावे लागलेल्यांची संख्या संयुक्त राष्ट्रांच्या अंदाजाने ३५ लाखांवर गेली होती. भारताच्या बाजूला या लाटेची झळ म्यानमारच्या चिन प्रांतामार्फत पोहोचली. नोव्हेंबर २०२३ मध्ये सीमेवरचे रिखाव्दार पडले, तेव्हा मिझोरममधील झोखावथर येथे हजारो निर्वासित आणि त्यांच्यापाठोपाठ पळालेले म्यानमारचे सैनिकही आले.

लाशियो पडले आणि चीनचे गणित बदलले. फसवणूक केंद्रे संपली होती, हवे असलेले लोक हाती आले होते, आणि आता मंडालेच्या दिशेने सरकणारे बंडखोर हा बीजिंगच्या दृष्टीने नफा उरला नव्हता. देश कोलमडला तर काय येईल, याची भीती त्याला राजवटीच्या नावडीपेक्षा मोठी वाटली. १४ ऑगस्टला चीनचे परराष्ट्रमंत्री वांग यी म्यानमारची राजधानी नेपिडोला गेले आणि नोव्हेंबरमध्ये मिन आंग ह्लाइंग सत्तांतरानंतर प्रथमच चीनला गेले. याच काळात चीनने सीमेवरचे नाके बंद केले, कोकांगकडे जाणारी वीज, पाणी आणि इंटरनेट तोडले, औषधे आणि इंधन अडवले. ज्या प्रदेशाचा मीठ-तेलापासून मोबाइलच्या सिग्नलपर्यंतचा पुरवठा एका शेजाऱ्याकडून होतो, त्याला तोफेची गरज लागत नाही. सप्टेंबरच्या सुरुवातीलाच कोकांग सेनेने आपण सत्तांतरानंतर राजवटीच्या विरोधकांनी स्थापलेल्या लोकशाहीवादी समांतर सरकारशी हातमिळवणी करणार नाही, असे जाहीर केले होते. तिचे प्रमुख फंग दाशून, म्हणजे २०२२ मध्ये वारलेल्या फंग ज्याशंग यांचे चिरंजीव, पुढे युनानमध्येच अडकून पडले. ते उपचारांसाठी आले आहेत असे चीनने सांगितले.

१८ जानेवारी २०२५ पासून कोकांग सेना आणि लष्कर यांच्यात युद्धबंदी लागू झाली आणि एप्रिलमध्ये चिनी निरीक्षकांच्या देखरेखीखाली लाशियो लष्कराकडे परत गेले. बदल्यात कोकांग सेनेने सीमेलगतचा आपला मूळ प्रदेश आणि चिनश्वेहॉचा नाका राखला. २००९ च्या हिशेबाने पाहिले तर तिला जे हवे होते ते तिला मिळाले; लाशियो हे तिच्यासाठी घासाघिशीतले जास्तीचे नाणे ठरले. फटका बसला तो ताआंग सेनेला, कारण रस्त्याच्या खालच्या अर्ध्या भागात आता ती एकटी पडली. सक्तीच्या भरतीतून भरलेल्या पलटणी आणि लष्करानेही आता मुबलक मिळवलेले ड्रोन घेऊन राजवटीने जुलै २०२५ मध्ये नाँगचो, ऑक्टोबरमध्ये चाउकमे आणि सिपॉ परत घेतले. त्याच महिन्याच्या शेवटी कुनमिंगच्या वाटाघाटींत ताआंग सेनेने मोगोक आणि मोमेइक सोडण्याचे मान्य केले. नामखाम, नामसान आणि कुटकाई ही गावे तेव्हा तिच्याकडे राहिली. त्यांतील कुटकाई मंडाले-मूसे रस्त्यावरच असल्यामुळे, दोन्ही टोके लष्कराकडे असूनही, तो रस्ता सलगपणे एकाही बाजूच्या हाती आला नाही.